पहिल्या हंगामातील पराभव क्षम्य असतात, तिसऱ्यातील नव्हेत

ज्युनियर आइस हॉकीत नव्याने दाखल झालेला संघ पहिल्या वर्षी सपाटून हरला, तर त्याबद्दल कोणालाही दोष देऊ नये, असे माझे मत आहे. मात्र तोच संघ दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीही तसाच हरत राहिला, तर तो दोष बर्फावर उतरणाऱ्या मुलांचा नसून त्यांच्याविषयी निर्णय घेणाऱ्या मोठ्या माणसांचा असतो. माझे हे मत ज्या दोन संघांकडे पाहून पक्के झाले, ते टोरांटोच्या पश्चिमेकडील मिसिसागा आणि ब्रॅम्प्टन या शेजारी शहरांत, म्हणजे आज जिथे आपली अनेक मराठी कुटुंबे राहतात तिथे, एकाच वर्षी उभे राहिले. १९९८ साली ओंटारियो हॉकी लीगने (ओएचएल) आपल्या संघांची संख्या १८ वरून २० केली, तेव्हा मिसिसागा आइसडॉग्ज आणि ब्रॅम्प्टन बटालियन हे दोन संघ तिच्यात आले.

या लीगची रचना ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ही साधारणपणे सोळा ते वीस वर्षांच्या मुलांची लीग आहे आणि प्रत्येक संघ हंगामात ६८ सामने खेळतो. बरीच मुले घरापासून दूर, बिलेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यजमान कुटुंबांत राहतात आणि तिथल्याच शाळेत शिकतात. वीस वर्षांचे खेळाडू एका संघात तीनच ठेवता येतात. नव्या संघाला जुन्या संघांनी राखून न ठेवलेले खेळाडू मिळतात आणि बाकीची जागा ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या पद्धतीतून, आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी भरून काढावी लागते. सोळा वर्षांचा मुलगा एकोणीस वर्षांच्या दांडग्या बचावपटूसमोर कोपऱ्यात पकसाठी, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीसाठी, झुंजतो, तेव्हा त्या तीन वर्षांच्या अंतराचा अर्थ प्रेक्षकांनाही कळतो. म्हणूनच पहिल्या हंगामात ब्रॅम्प्टनने ८ सामने जिंकून ५७ गमावले आणि मिसिसागाने ४ जिंकून ६१ गमावले, यात मला काहीच नवल वाटत नाही. दोघांची अवस्था जवळजवळ सारखीच होती.

फरक पुढे पडला. मिसिसागाच्या मालकांपैकी सर्वांत प्रसिद्ध नाव होते डॉन चेरी यांचे. बोस्टन ब्रुइन्सचे माजी प्रशिक्षक आणि दूरचित्रवाणीवरचे गाजलेले भाष्यकार म्हणून कॅनडातील घराघरांत त्यांना ओळखत असत. संघाचे कुत्र्याचे बोधचिन्हही त्यांच्या लाडक्या बुल टेरियरची आठवण करून देणारे होते. कॅनडाच्या ज्युनियर संघांतील जागा कॅनडाच्या मुलांनाच मिळाव्यात, हे चेरी यांचे जाहीर मत होते, आणि त्यामुळे लीगने प्रत्येक संघाला परदेशी खेळाडू घेण्याची मुभा दिलेली असतानाही सुरुवातीच्या काळात आइसडॉग्जने ती वापरली नाही. ओंटारियोच्या मुलांविषयी चेरी यांना वाटणारी आपुलकी खरी होती, याबद्दल मला शंका नाही. परंतु त्या आपुलकीची किंमत ज्यांनी मोजली तीही ओंटारियोचीच मुले होती, हे मला विसरता येत नाही. प्रतिस्पर्धी संघांकडे युरोपातून आलेले कसलेले खेळाडू असताना, आधीच दुबळ्या संघातील सोळा वर्षांच्या मुलांना त्या आधाराविना उतरवणे हा तत्त्वनिष्ठेचा नव्हे, तर हट्टाचा प्रकार होता.

ब्रॅम्प्टनने नेमके उलटे केले. त्यांचे मालक स्कॉट अ‍ॅबट, म्हणजे ट्रिव्हियल परसूट हा प्रश्नोत्तरांचा खेळ शोधून काढणाऱ्यांपैकी एक. त्यांनी स्टॅन बटलर यांना प्रशिक्षक नेमले आणि पहिल्या वर्षी ५७ पराभव झाल्यावरही बदलले नाही. संघ ब्रॅम्प्टनमध्ये असेपर्यंत बटलरच बेंचमागे उभे राहिले. ड्राफ्टमधून टोरांटोचा रॅफी टोरेस त्यांच्याकडे आला आणि दुसऱ्या हंगामासाठी त्यांनी रोस्टिस्लाव्ह क्लेस्ला हा चेक बचावपटू आणला. त्या दुसऱ्याच वर्षी संघाचे विजय ८ वरून २५ वर गेले. जून २००० मध्ये एनएचएल या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये क्लेस्ला चौथ्या आणि टोरेस पाचव्या क्रमांकावर निवडला गेला. क्लेस्लाला घेणारा कोलंबस ब्लू जॅकेट्स हा संघही नवाच होता आणि ती त्या संघाच्या इतिहासातील पहिली ड्राफ्ट निवड होती. एका परदेशी मुलाने कोणाची जागा हिरावली, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी चौथ्या आणि पाचव्या क्रमांकाची ही नावे शेजारी ठेवून पाहावीत, कारण मला तरी असे दिसते की तो चेक मुलगा मागे भक्कम उभा राहिल्यामुळे पुढे खेळणाऱ्या ओंटारियोच्या मुलाचे काही बिघडले नाही, उलट त्याचा खेळ लोकांना दिसण्याजोग्या सामन्यांत दिसला.

मिसिसागाकडे गुणवत्ता नव्हती असे म्हणता येणार नाही. जेसन स्पेझा हा मिसिसागातच वाढलेला मुलगा. गंमत म्हणजे पंधराव्या वर्षी, पहिल्या हंगामात, तो ब्रॅम्प्टनसाठी खेळला आणि त्या हरणाऱ्या संघातही त्याने ६७ सामन्यांत (गोल आणि गोलसाहाय्य मिळून) ७१ गुण मिळवले. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये आइसडॉग्जने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले. आपल्याच शहरातील, पिढीतून एखादाच निघावा असा खेळाडू हाती आला, तरी त्या वर्षी संघाने ९ सामने जिंकले. तिसऱ्या हंगामाच्या सुरुवातीलाच त्याला विंडसरच्या संघाला देण्यात आले, आणि त्या हंगामात विजय राहिले फक्त ३. पुढच्या वर्षी चेरी स्वतः प्रशिक्षक झाले, परदेशी खेळाडूंबाबतचे धोरणही सैल झाले, रशियाचा इगोर राडुलोव्ह संघात खेळला, नव्याने आलेला पॅट्रिक ओ'सुलिव्हन तर कॅनडाच्या सर्व ज्युनियर लीगांमधील सर्वोत्तम नवोदित ठरला. तरीही विजय ११. चार हंगामांत २७२ सामने आणि २७ विजय.

आइसडॉग्जची बाजू घेणारे २००४ कडे बोट दाखवतात. त्या वर्षी हा संघ खरोखरच ओएचएलच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि तिथे ग्वेल्फ स्टॉर्मकडून चारही सामने हरला. सहा वर्षांत तळापासून अंतिम फेरीपर्यंत, म्हणजे संयमाचे फळ मिळाले, असा त्यांचा युक्तिवाद असतो. मला तो मुळीच पटत नाही. संयम मालकाला परवडतो, शहराला परवडतो, कारण त्यांच्यापुढे पुढचा हंगाम असतोच. १९९८ मध्ये सोळा वर्षांचा असलेला मुलगा २००४ मध्ये बावीस वर्षांचा होता. ज्युनियर हॉकीतून तो केव्हाच बाहेर पडला होता. आयुष्यात एकदाच मिळणारे चार-पाच हंगाम त्याने रोज रात्री सहा-सात गोल स्वीकारत, बसमधून मुकाट घरी परतत काढले, आणि एनएचएलचे निरीक्षक मैदानात आले ते बहुधा समोरच्या संघातील मुलांना पाहण्यासाठी. व्यावसायिक संघातील खेळाडू निदान पगार घेऊन हरतो आणि करार संपल्यावर दुसरीकडे जाऊ शकतो. या मुलांपैकी बहुतेकांना संघ निवडण्याचा अधिकारच नव्हता, कारण ड्राफ्टने त्यांना तिथे पाठवले होते. त्यांच्या बाबतीत ‘पुनर्बांधणी’ हा शब्द वापरणे मला अन्यायाचे वाटते, कारण जे बांधले गेले त्यात राहायला ती मुले नव्हतीच.

नवा संघ पहिल्या वर्षापासून जिंकूही शकतो, याचे उदाहरण पश्चिमेकडील ज्युनियर लीगमध्ये, म्हणजे वेस्टर्न हॉकी लीगमध्ये, आहे. वॉशिंग्टन राज्यातील एव्हरेट सिल्व्हरटिप्स २००३-०४ या आपल्या पहिल्याच हंगामात केव्हिन कॉन्स्टंटाइन यांच्या शिस्तबद्ध बचावात्मक खेळाच्या जोरावर गटात अव्वल आले आणि अंतिम फेरीत मेडिसिन हॅटच्या संघाकडून हरले. हा अपवाद आहे आणि तो मापदंड म्हणून कोणाच्या माथी मारू नये. एनएचएलमध्ये प्रशिक्षक राहिलेला माणूस सोळा वर्षांच्या मुलांसाठी प्रत्येक नव्या शहरात उपलब्ध नसतो. ब्रॅम्प्टनचा मार्ग मात्र कोणालाही चालता येण्याजोगा होता, कारण त्यात एक स्थिर प्रशिक्षक, नियमांनी दिलेल्या सर्व सवलतींचा उपयोग आणि गुणी मुलांना सांभाळून ठेवणे यापलीकडे काही नव्हते.

चांगल्या खेळाने संघ शहरात टिकतोच, असेही मी म्हणणार नाही. टोरांटोच्या मेपल लीफ्स या एनएचएल संघाच्या सावलीत ज्युनियर हॉकीला प्रेक्षक मिळवणे अवघडच. आइसडॉग्ज २००७ मध्ये सेंट कॅथरिन्सला गेले, आणि बटालियनही २०१३ मध्ये नॉर्थ बेला गेली. मिसिसागात आलेला पुढचा संघ, स्टीलहेड्स, २०२४ मध्ये ब्रॅम्प्टनला हलला. तिकीटविक्रीचा प्रश्न वेगळा आहे. माझा आक्षेप मुलांना मिळालेल्या वागणुकीबद्दल आहे.

नव्या संघांना प्रवेश देताना लीग भरमसाठ शुल्क घेते आणि पहिल्या ड्राफ्टनंतर त्यांना त्यांच्या नशिबावर सोडते, हे बदलायला हवे. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीही अशा संघाला जादा निवडी मिळाव्यात. सलग दोन हंगामांत प्रत्येकी दहा सामनेही जिंकता आले नाहीत, तर त्या संघातील खेळाडूला स्वतःच्या इच्छेने दुसऱ्या संघात जाण्याची मुभा असावी. मालकांना हे आवडणार नाही, पण आज मुलांच्या हाती पूर्वी नसलेली एक ताकद आली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बदललेल्या नियमानुसार, ओएचएलसारख्या कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्या मुलांना २०२५-२६ पासून अमेरिकेच्या विद्यापीठांच्या संघांतूनही खेळता येते. १९९८ मध्ये आइसडॉग्जची जर्सी घालणाऱ्या मुलाने ते दार पहिल्याच सामन्याबरोबर स्वतःसाठी बंद केलेले असे. पश्चिमेकडील लीगने २०२५-२६ मध्ये पेंटिक्टनला प्रवेश दिला आणि त्यानंतर चिलिवॅकचाही क्रम लावला. याच चिलिवॅकमध्ये २००६ साली आलेला संघ पाच हंगामांनंतर व्हिक्टोरियाला नेण्यात आला होता. तिथे या वेळी सोळा वर्षांच्या मुलाला करारासाठी बोलावतील, तेव्हा आईवडिलांनी संघमालकांना पहिल्या वर्षाबद्दल काही विचारू नये. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी तुम्ही नेमके काय करणार आहात, एवढेच विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.