नोबिताला पास करू नका

कार्टूनमधल्या पोरांना आता तरी मोठं करा, असं म्हणणारी माणसं हल्ली वाढली आहेत. तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर आधी पंखा लावून बसा, घोटभर सोलकढी घ्या आणि माझं ऐका. या विषयातला मी अधिकारी माणूस आहे. माझ्या घरात टीव्ही आहे, आणि संध्याकाळचा रिमोट कित्येक वर्षांत माझ्या हाती लागलेला नाही.

तुमचा मुद्दा मला पाठ आहे. 'द सिम्पसन्स' या कार्टूनमधला बार्ट सिम्पसन १९ एप्रिल १९८७ रोजी अमेरिकेच्या टीव्हीवर पहिल्यांदा दिसला. सहाएक आठवड्यांनी, ३० मे रोजी, गोवा घटक राज्य झालं. म्हणजे बार्ट आपल्या राज्याहून थोरला. तेवढ्या काळात राज्याचे मुख्यमंत्री मोजायला हाताची बोटं पुरेनाशी झाली, मांडवीवर तिसरा पूल झाला, मोपाला विमानं उतरू लागली, कॅसिनोंची जहाजं मांडवीतून 'लवकरच' हलायची ठरली आणि आहेत तिथंच डुलत राहिली. बार्ट मात्र दहा वर्षांचा, चौथीत. बहीण लिसा आठ वर्षांची, दुसरीत. मॅगी अजून चोखणी तोंडात धरून. आपल्या चिंटूने १९९१ पासून वर्तमानपत्रात ठाण मांडलंय, त्याचीही उंची वाढलेली नाही. याला काही अर्थ आहे का, असं तुम्ही विचारता.

आहे. पण त्यासाठी नोबिताकडे बघावं लागेल.

'डोरेमॉन'मधला हा नोबिता १९६९ च्या डिसेंबरात जपानी मासिकांतून अवतरला. तेव्हापासून तो चौथी-पाचवीत आहे, शून्य मार्कांचा पेपर गादीखाली लपवतोय आणि आई तो शोधून काढतेय. गोव्यात जन्मला असता तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने त्याला ढकलत ढकलत आठवीपर्यंत नेलंच असतं. पुढं २०१९ च्या दुरुस्तीने पाचवीला आणि आठवीला अडवायची मुभा राज्यांना मिळाली, म्हणजे पाचवीत रेंगाळायला आता कायद्याचाही आधार आहे. तो सोडू नका.

कारण समजा, तुमच्या हट्टापायी नोबिता पास झाला. मग? मग दहावी. त्याच्या वर्गातल्या शिझुकाला नव्वदच्या वर, ती बांबोळीला मेडिकलला. नोबिता मामाच्या ओळखीने फर्मागुढीला इंजिनिअरिंगला. जियान पंचायतीला उभा राहणार, आणि निवडूनही येणार. सुनिओचा बाप पैसेवाला, तो पोराला डोंगर कापून व्हिला बांधायच्या धंद्यात घालणार. नोबिता पुण्याला, तिथून बेंगळुरूला. आजोबांची जन्मनोंद लिस्बनला सापडली तर पोर्तुगीज पासपोर्टावर थेट युरोपात. घरी राहणार आई, बाबा आणि माळ्यावर ठेवलेला डोरेमॉन. चवथीला पोर येईल. गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीला हात लावायला नाही, माटोळीचा फोटो काढायला. दीड दिवसाचा गणपती, दीड दिवसाचाच मुलगा. तिसऱ्या दिवशी सकाळचं विमान.

आता सांगा, कुणाला मोठं करू म्हणता?

म्हार्दोळच्या एका ओळखीच्या घरात मी ही गोष्ट डोळ्यांनी पाहिली. संध्याकाळची वेळ, टीव्हीवर डोरेमॉन हिंदीत बडबडतोय, आजी नातवाला शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, भरवतेय. एका बोटाने काटा चाचपायचा, तो ताटाच्या कडेला ठेवायचा, घास वळायचा आणि नेमका नोबिता रडायला लागला की पोराच्या उघड्या तोंडात सारायचा. हीच हातोटी तिने वीस वर्षांपूर्वी पोराच्या बापावर वापरली होती, याच कार्टूनसमोर. बाप आता दुबईला. आराम खुर्चीतले आजोबा मधेच डोळे उघडून विचारतात, "हा अजून पाचवीतच?" नातू म्हणतो, "होय आजो." "बरं आहे. राहू दे," म्हणून ते पुन्हा डोळे मिटतात. तुमची मागणी या घरात मांडून दाखवा. हुमणाची वाटी डोक्यात पडेल.

तर मोठं न होण्याचं हे शास्त्र नीट समजून घ्या, घरीही उपयोगी पडेल.

पहिली काळजी आवाजाची. खऱ्या पोराला मालिकेत घेतलं की दोन-तीन वर्षांत त्याला मिसरूड फुटतं, आवाज फाटतो आणि निर्मात्याचं तोंड उतरतं. म्हणून बार्टचा आवाज पहिल्यापासून नॅन्सी कार्टराइट या बाई काढतात. बाईंचा जन्म १९५७ चा. पेन्शनीत निघायचं वय मागे पडलं तरी दहा वर्षांच्या पोराचा आवाज जसाच्या तसा. त्याहून वरचढ जपानची साझाए-सान. ५ ऑक्टोबर १९६९ पासून दर रविवारी संध्याकाळी चालू, सर्वांत दीर्घकाळ चाललेली ॲनिमेशन मालिका म्हणून गिनिज बुकात नाव. साझाए चोवीस वर्षांची, आणि पहिल्या भागापासून तिला आवाज मिदोरी काटो या एकाच बाईंचा. साझाएचे वडील नामिहेई चोपन्न वर्षांचे, टकलावर उभा एकुलता एक केस. मूळ चित्रकथा १९४६ ची, तेव्हा चोपन्नाव्या वर्षी माणूस म्हातारा दिसे. आपल्याकडे चोपन्न म्हणजे युवा नेता. नामिहेईंचा आवाज काढणारे इचिरो नागाई २०१४ साली वारले. त्यांच्या जागी दुसरे आले. केस तोच आहे.

म्हणजे या दुनियेत मरायला बंदी नाही, वाढायला आहे. सिम्पसनांच्या शेजारची मोड फ्लँडर्स २००० साली एका भागात खरोखरच मेली. तिची पोरं आईविना झाली, पण एका इयत्तेने पुढं गेली नाहीत. बार्टच्या बाई एडना क्रबापल यांना आवाज देणाऱ्या मार्सिया वॉलेस २०१३ मध्ये गेल्या, तेव्हा ते पात्रच निवृत्त केलं. वर्गशिक्षिका गेली, वर्ग तिथंच. शिक्षण खात्याने याचा अभ्यास करायला हरकत नाही.

दुसरी युक्ती जरा नाजूक आहे. पोरं वाढवायची नसतील तर आईबापांचा भूतकाळ दरवर्षी पुढं सरकवत राहायचा. १९९१ च्या एका भागात बार्टचे आईबाप होमर आणि मार्ज १९७४ साली शाळेच्या शेवटच्या वर्षाला असल्याचं दाखवलंय. पुढं हिशेब जुळेना. दहा वर्षांच्या पोराची आई १९७४ ला शाळा संपवते कशी? मग २००८ च्या एका भागात त्यांचं तरुणपण उचलून नव्वदच्या दशकात नेऊन ठेवलं. चाहते चिडले. मला तर यात काही वावगं दिसलं नाही. अलीकडेच सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ प्रत्येक समारंभात सांगतात, जनमत कौलाच्या वेळी मी घसा फुटेस्तोवर घोषणा दिल्या. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, हा कौल झाला १९६७ च्या जानेवारीत. तेव्हा हे दोन वर्षांचे होते. घोषणा दिल्याही असतील. घसाही फुटला असेल. त्या वयात फुटतोच.

भविष्यकाळाचंही तेच करायचं. १९९५ च्या एका भागात लिसाचं लग्न दाखवलं, साल २०१०. लग्न ऐनवेळी मोडलं हे सोडा. पण २०१० आलं, गेलं, आणि नवरी दुसरीच्या वर्गात पाढे म्हणत होती. मुंबई–गोवा महामार्गाच्या नव्या तारखा ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

हे सगळं परदेशी थेर वाटत असेल तर जत्रेला चला. आपल्या उत्सवी रंगभूमीने हे कार्टूनवाल्यांच्या कितीतरी आधी करून ठेवलंय. 'सौभद्र' १८८२ चं. तेव्हापासून सुभद्रा लग्नाची आहे, दुर्योधनाशी ठरलेलं तिचं लग्न टळायचं आहे आणि कृष्णाला सगळं आधीच ठाऊक आहे. सुभद्रेला आता तरी नातवंडं दाखवा, असं कुणी म्हणत नाही. आणि अर्जुन? देवळाच्या मंडपामागच्या रंगपटात जाऊन बघा. साठी ओलांडलेला अर्जुन लाकडी पेटीवर बसलाय. दोघे मिळून त्याचं पोट कमरपट्ट्यात कोंबतायत, तिसरा दातांत सेफ्टी पिना धरून शेला बसवतोय. चष्मा पेटीवर, चष्म्याशेजारी रक्तदाबाची गोळी. नांदी संपली की हाच माणूस प्रवेशाला उठतो, एक हात गुडघ्यावर, एक हार्मोनियमवाल्याच्या दिशेने, आणि पहिल्याच तानेला मंडपातून 'वा!' येते. त्याचा चाळिशीतला मुलगा विंगेत पुस्तक धरून उभा. त्याला अजून नारदाचंही काम मिळालेलं नाही. बाप मोठा झाला तर त्याचा नंबर लागेल, पण बापाला मोठं व्हायला सांगणार कोण? प्रेक्षकांत बसलेल्या बायकांनी हाच अर्जुन त्या कुमारिका होत्या तेव्हा पाहिलाय. तो म्हातारा झाला असं मान्य करायचं तर आणखी बरंच काही मान्य करावं लागतं. त्यापेक्षा पिना लावलेल्या बऱ्या.

वाईट संगतीचंही एक उदाहरण देऊन ठेवतो, म्हणजे तुम्ही फसणार नाही. 'किंग ऑफ द हिल' नावाची मालिका १९९७ ला सुरू झाली, मधे बंद पडली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये परतली ती पात्रांची वयं वाढवून. हँक हिल म्हातारपणाची पुंजी जमवायला बायकोला घेऊन सौदीला गेला होता, तो परतलाय. आणि मुलगा बॉबी, गुबगुबीत, बापाला कधीच न कळलेला बॉबी, एकवीस वर्षांचा झालाय आणि डॅलसला हॉटेलात शेफ आहे. लोकांनी कौतुक केलं. मला सांगा, यात नवीन काय? आखातात आयुष्य घालवून परत आलेला बाप, लांबच्या शहरात दुसऱ्यांना रांधून घालणारा पोरगा, आणि घरी त्याच्या आईने कुणासाठी रांधायचं हा प्रश्न. हे बघायला टीव्ही कशाला लावायचा? बाहेरचं दार उघडलं तरी पुरे.

धंद्याचं बोलायचं तर प्रश्नच मिटतो. जूनच्या तोंडावर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फेरी मारा. रेनकोट, दप्तर, पाण्याची बाटली, सगळीकडे डोरेमॉन आणि छोटा भीम. भीम २००८ पासून नऊ वर्षांचाच आहे. पहिला भाग पाहिलेली पोरं सरकारी नोकरीच्या वयोमर्यादेचा हिशेब करू लागली, भीम अजून टुनटुन मावशीचे लाडू पळवतोय. त्याला पदवीधर केला तर तो दप्तरावर छापणार कोण? त्यात जुने भाग कुठल्याही क्रमाने पुन्हा पुन्हा दाखवायचे असतात. सोमवारी भीमाला नोकरी लागली आणि मंगळवारी तो परत शाळेत दिसला तर आजीचा घास चुकेल.

तरीही तुमचं समाधान झालं नसेल, तर एकाच माणसासाठी मी काळ पुढं सरकवायला तयार आहे. शिनचॅनचा बाप, हिरोशी. शिनचॅन पाच वर्षांचा आहे याबद्दल माझी काही तक्रार नाही, तो पाचाचा सहा झाला तर शेजाऱ्यांचं काय होईल ते मला बघायचं नाही. पण हिरोशी पस्तिशीचा आहे, आणि त्याच्या घराच्या कर्जाची बत्तीस वर्षं बाकी आहेत. मालिका १९९२ ला सुरू झाली. कॅलेंडर सरळ चाललं असतं तर २०२४ साली कर्ज फिटलं असतं, घराचे कागद हातात आले असते, बायको मिसाएने सत्यनारायण घातला असता. तो बिचारा रोज सकाळी गाडी पकडतो, साहेबाच्या शिव्या खातो, महिन्याचा हप्ता भरतो, आणि बत्तीस ती बत्तीसच.

या मुद्द्यावर मी परवा थोडा हललोही होतो. मग गृहकर्ज घेतलेल्या एका शेजाऱ्यापाशी विषय काढला. फ्लॅट पर्वरीला, व्याजदर बदलता, हप्ता पगारातून परस्पर जातो. त्याने काही न बोलता कपाटातून बँकेचं पत्रक आणलं आणि उरलेल्या मुदतीच्या रकान्यावर बोट ठेवलं. पाच वर्षं हप्ते भरून झाल्यावर, व्याज वाढल्यामुळे, ती सुरुवातीपेक्षा जास्त होती. "तुझ्या त्या हिरोशीची निदान वाढत तरी नाही," तो म्हणाला, आणि पत्रक जपून परत कपाटात ठेवलं.