पाच वॅट की पंधरा? घरच्या ब्लूजसाठी व्हॉल्व्हचा अॅम्प: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

घरच्या रियाजासाठी व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) गिटार अॅम्प कसा निवडावा या माझ्या लेखावरची आपली सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया वाचली. आपण कर्वेनगरला राहता, बरीच वर्षे बँडमध्ये गिटार वाजवत आला आहात आणि आता वाकडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पुतण्यासाठी अॅम्प शोधत आहात, असे आपण लिहिले आहे. त्यामुळे आपले आक्षेप नुसते वादासाठी नाहीत हे उघड आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे: पाच वॅटचा अॅम्प म्हणजे खेळणे, त्यापेक्षा पंधरा वॅटचा घेऊन मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा एकूण आवाज ठरवणारे बटण) कमी ठेवला की घर आणि स्टेज दोन्ही साधते, अटेन्युएटरचा (अॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसून आवाज उतरवणाऱ्या पेटीचा) मी साधा उल्लेखही केलेला नाही, अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून अॅम्प मागवण्याआधी दहा वेळा विचार करा हा माझा सल्ला म्हणजे निव्वळ पुणेरी धास्ती, आणि ब्लूजसाठी ट्रान्झिस्टरचा अॅम्पही चालतो असे लिहिणाऱ्याला ब्लूज कळलेलाच नाही.

शेवटच्या आक्षेपाचे उत्तर छोटे आहे, म्हणून ते आधी देतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेला लॅब सिरीज एल५ हा पूर्णपणे ट्रान्झिस्टरचा अॅम्प होता आणि ब्लूजचे ख्यातनाम गिटारवादक बी. बी. किंग यांनी तो वर्षानुवर्षे वापरला. त्यांना ब्लूज कळत नव्हता असे म्हणण्याची आपलीही तयारी नसावी. त्यांना भरपूर, स्वच्छ आवाज हवा होता. सुराची धार ते बोटांनी आणि व्हिब्राटोने काढत. ज्यांना तार जोरात छेडताच सूर किंचित फाटायला हवा असतो आणि हलक्या हाताने वाजवले की तो पुन्हा स्वच्छ व्हायला हवा असतो, त्यांच्यासाठी व्हॉल्व्हला आजही तोड नाही हे मी त्या लेखात लिहिलेच आहे, आणि त्यात एका शब्दाचाही बदल करावासा मला वाटत नाही.

आता वॅटकडे वळतो, कारण खरा मतभेद तिथे आहे. पाच आणि पंधरा हे आकडे शेजारी ठेवले की एक अॅम्प दुसऱ्याच्या तिप्पट मोठ्याने वाजत असणार असे वाटते. पण कानाचा हिशेब तसा चालत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि तो दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. पाच आणि पंधरा वॅटमधले अंतर ५ डेसिबलहूनही थोडे कमी भरते. तेवढा फरक नुसता स्पीकर बदलल्याने पडतो. १ वॅटवर, १ मीटर अंतरावर १०० डेसिबल देणारा स्पीकर पाच वॅटच्या अॅम्पला जोडा आणि ९५ डेसिबल देणारा पंधरा वॅटच्या अॅम्पला जोडा. पूर्ण जोरात दोन्ही १०७ डेसिबलच्या आसपासच येऊन थांबतील. मूळ लेखात मी वॅटपेक्षा स्पीकरवर अधिक ओळी खर्च केल्या त्या याच कारणाने.

पण घरात पूर्ण जोरात वाजवतो कोण? दोन माणसे एकमेकांशी बोलतात तेव्हा आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो. रियाजाचा आवाज त्याहून बराच मोठा, म्हणजे १ मीटरवर ७५ डेसिबल धरू. ९७ डेसिबलच्या साध्या चांगल्या स्पीकरला त्यासाठी लागते सुमारे ६ मिलिवॅट वीज. पाच वॅटच्या अॅम्पच्या क्षमतेचा हा जेमतेम आठशेवा भाग, आणि पंधरा वॅटच्या अॅम्पच्या तर अडीच हजारावा भाग. म्हणजे रात्री साडेआठला वाकडच्या त्या फ्लॅटमध्ये दोन्ही अॅम्पचे पॉवर व्हॉल्व्ह (स्पीकरला ताकद पुरवणारे शेवटचे व्हॉल्व्ह) जवळपास झोपलेलेच असणार. आपण म्हणता तसा पंधरा वॅटच्या अॅम्पचा मास्टर व्हॉल्यूम खाली आणला, तर सगळा ओव्हरड्राइव्ह (सुराचे फाटणे) प्रीअॅम्पच्या, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्याच्या, ईसीसी८३ व्हॉल्व्हमधून येतो. पुढचा फेज इन्व्हर्टर (सिग्नल दोन उलट भागांत वाटणारा टप्पा), पॉवर व्हॉल्व्हची जोडी आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर यांचा त्यात काहीच हातभार राहत नाही. तो आवाज वाईट असतो असे मी म्हणत नाही, पण त्यात एक कोरडी भुणभुण असते, आणि ज्या आवाजासाठी व्हॉल्व्हवर पैसे घालायचे तो हा नव्हे. तानपुऱ्याच्या जवारीचा दोरा केसभर सरकला की सूर एक तर मुका होतो नाही तर खरखरतो. पॉवर व्हॉल्व्हचा तो हवाहवासा काठही तितकाच अरुंद असतो, आणि ६ मिलिवॅटवर कोणताच अॅम्प त्याच्या जवळपास पोचत नाही.

मग पाच वॅटचाच आग्रह का, असे आपण विचाराल. तो हळू वाजतो म्हणून नव्हे. पहिले कारण अगदी बोटांशी येऊन भिडणारे आहे: पंधरा वॅटच्या बऱ्याच अॅम्पवर घरगुती आवाज बटणाच्या शून्य आणि एक या खुणांमध्येच संपतो. बोट किंचित हलले की आवाज एकदम उसळी मारतो, आणि त्या टोकाला पॉटची (बटणाखालच्या बदलत्या रेझिस्टरची) पट्टीही नीट काम देत नाही. फेंडर ब्लूज ज्युनियरसारख्या अॅम्पला इफेक्ट्स लूपही (प्रीअॅम्प आणि पॉवर टप्प्यांमध्ये बाहेरचे उपकरण जोडायची सॉकेट) नाही, त्यामुळे मध्ये वेगळी व्हॉल्यूमची पेटी घालून वेळ मारून नेण्याची सोय उरत नाही. दुसरे कारण देखभालीचे. फेंडरच्या जुन्या ट्वीड चँप या छोट्या अॅम्पच्या धाटणीच्या सर्किटमध्ये एक प्रीअॅम्प व्हॉल्व्ह, एक ६व्ही६ पॉवर व्हॉल्व्ह आणि एक रेक्टिफायर (एसी वीज डीसी करणारा) असतो. पॉवर व्हॉल्व्ह एकटाच असल्याने जुळवलेली जोडी शोधावी लागत नाही, आणि कॅथोड बायस (व्हॉल्व्हचा करंट आपोआप राखणारी रचना) असल्याने तो बदलल्यावर बायस लावून घेण्यासाठी कारागिराकडे जावे लागत नाही. ब्लूज ज्युनियरला दोन जुळलेले ईएल८४ पॉवर व्हॉल्व्ह आणि तीन प्रीअॅम्प व्हॉल्व्ह लागतात. २०२२ साली रशियातून होणारी निर्यात अडली तेव्हा व्हॉल्व्हच्या किमती कशा भडकल्या हे आपणही पाहिले असेल. रशियातले सारातोव आणि स्लोव्हाकियातले चादत्सा अशा मोजक्या ठिकाणच्या कारखान्यांवर जगभरच्या गिटारवाल्यांची भिस्त आहे, तेव्हा अॅम्पमध्ये जितके कमी व्हॉल्व्ह तितके बरे.

तिसरे कारण दुपारचे आहे. शेजारी कामावर गेलेले असतात, आपल्याला पंधरा मिनिटे मिळतात आणि अॅम्प खरोखर चढवून बघण्याची इच्छा होते. अशा वेळी पाच वॅटचा अॅम्प १०४ डेसिबलच्या आसपास फुटायला लागतो, पंधरा वॅटचा त्याच स्पीकरवर १०९ च्या जवळ. स्टेजवर किरकोळ वाटणारे हे ५ डेसिबल बंद खोलीत फार महाग पडतात. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. ती घराबाहेर मोजायची असते हे खरे, पण सोसायटीचे सेक्रेटरी डेसिबल मीटर घेऊन येत नाहीत, ते सरळ बेल वाजवतात.

व्हॉल्व्हचा रेक्टिफायर नसलेला छोटा अॅम्प ब्लूजसाठी कुचकामी, असाही एक शेरा आपण जाता जाता मारला आहे. जोरात तार छेडल्यावर व्होल्टेज क्षणभर खाली बसून सूर जो दबतो आणि मग फुलतो, तो गुण पुश-पुल (पॉवर व्हॉल्व्हची जोडी आळीपाळीने काम करणाऱ्या) अॅम्पचा, आणि तोही चढ्या आवाजातला. एकाच पॉवर व्हॉल्व्हच्या सिंगल एंडेड क्लास ए अॅम्पमध्ये सरासरी करंट जवळपास कायम राहतो, त्यामुळे तिथे रेक्टिफायर व्हॉल्व्ह आहे की डायोड याने फारसे काही बिघडत नाही.

खोलीविषयी मात्र मी मूळ लेखात लिहिले त्याहून जास्त लिहायला हवे, कारण अॅम्पला दिलेल्या निम्म्या शिव्या खरे तर खोलीला द्यायच्या असतात. आपल्याकडची बेडरूम दहा फुटांची, भिंती काँक्रीटच्या आणि खाली गुळगुळीत फरशी. समोरासमोरच्या भिंतींत दहा फुटांचे अंतर असले की ५६ आणि ११२ हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो, आणि गिटारची मोकळी ए तार ११० हर्ट्झची. ए मधला शफल सुरू केला की ती एक तार ढोलासारखी उठते आणि बाकीच्या पाच मागे पडतात. त्यावर लोक अॅम्पचा बेस शून्यावर आणतात, आणि हळू आवाजात कानाला खर्ज आणि टीप दोन्ही मुळातच कमी ऐकू येत असल्याने (फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवले होते) उरतो तो पत्र्याचा डबा. उपाय साधा आहे. अॅम्प कोपऱ्यातून आणि भिंतीपासून पुढे ओढावा, जमिनीवर न ठेवता खुर्चीवर किंवा स्टुलावर ठेवावा, त्याखाली जाड फोमचा तुकडा घालावा आणि तो कानाच्या दिशेने थोडा वर वळवावा. खालच्या मजल्यावर जो धडधडाट पोचतो तो मुख्यतः स्लॅबमधून जातो, आणि त्यातला बराचसा त्या फोमवरच अडतो. एवढे केल्यावर बेस पुन्हा चढवता येतो. आठ इंची स्पीकरच्या छोट्या पेटीऐवजी बारा इंची स्पीकरची वेगळी कॅबिनेट जोडावी हा माझा सल्ला याच्याशीच निगडित आहे: हळू आवाजातही खालच्या तारांना अंग राहते.

अटेन्युएटर मी विसरलो नव्हतो, मुद्दाम वगळला होता. अॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसून तो जास्तीची वीज उष्णतेत घालवतो. पण १०४ वरून ७५ डेसिबलवर यायचे तर २९ डेसिबल कापावे लागतात, आणि नुसत्या रेझिस्टरचा स्वस्त अटेन्युएटर त्याच्या निम्म्यातच आवाजाचे पोतेरे करतो, कारण स्पीकरचा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) सुरागणिक बदलतो आणि रेझिस्टरचा बदलत नाही. स्पीकरसारखा वागणारा रिअॅक्टिव्ह अटेन्युएटर चांगला असतो, पण त्याच्या किमतीत दुसरा अॅम्प येऊ शकतो; शिवाय सतत पूर्ण जोरात चालवलेले पॉवर व्हॉल्व्ह लवकर झिजतात. दुपारच्या पंधरा मिनिटांसाठी १० डेसिबल कापायला तो जरूर वापरावा.

आता अमेरिकेचा मुद्दा. पुण्यात ज्याचा कोणी न्यू जर्सीत नाही असे घर शोधावे लागेल, त्यामुळे हा मोह मला चांगला कळतो. पण तिकडचा अॅम्प १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो आणि महावितरण देते २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरते, वारंवारता बदलत नाही. केवळ ६० हर्ट्झसाठी बांधलेल्या ट्रान्सफॉर्मरवर ५० हर्ट्झला त्याच व्होल्टेजवर गाभ्यातला चुंबकीय भार २० टक्क्यांनी वाढतो आणि तो तापतो. ११० व्होल्टवर चालवला तर थोडा दिलासा मिळतो; व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरचे ६.३ व्होल्ट ५.८ पर्यंत खाली येतात, आणि व्हॉल्व्ह ते सोसतात. मागच्या पट्टीवर ५०/६० हर्ट्झ छापलेले असेल तर ही चिंता मिटली.

खरा धोका वेगळाच आहे. बाजारात मिळणाऱ्या अनेक स्टेप-डाउन पेट्यांना दोन छिद्रांचे सॉकेट असते. तीन पिनांचा प्लग ॲडॅप्टर लावून त्यात घातला की अर्थिंग तुटते, आणि अॅम्पची चासी, जॅक, गिटारची केबल, ब्रिज आणि तारा हे सगळे विजेच्या दृष्टीने एकच असते. आत तीनशे व्होल्टहून अधिक डीसी खेळत असताना अर्थिंगविना गिटार हातात धरणे याला मी हौस म्हणणार नाही. अॅम्पचा प्लग भिंतीतून काढून ठेवावा आणि ओहमवर ठेवलेल्या मल्टीमीटरची एक काडी प्लगच्या अर्थ पिनला, दुसरी इनपुट जॅकच्या धातूला लावावी. आकडा शून्याच्या जवळ आला पाहिजे. हीच तपासणी स्टेप-डाउनच्या इनपुट आणि आउटपुटच्या अर्थ पिनांमध्येही करावी. ती पेटी अॅम्पच्या मागे लिहिलेल्या वीजवापराच्या वॅटच्या निदान दीडपट क्षमतेची असावी. हे सगळे करून, पंचवीस किलोची बॅग विमानातून आणून आणि वॉरंटी तिकडेच ठेवून जो अॅम्प हातात पडतो, तो स्वस्त पडला असे मला तरी म्हणवत नाही. यात धास्ती असेल तर ती असू द्यावी.

राहिला आपला सगळ्यात वजनदार मुद्दा, स्टेजचा. ड्रमरसमोर स्वच्छ आवाज हवा असेल तर पाच वॅट कमी पडतात, यात वाद नाही. पण पुण्यातल्या बहुतेक जॅम रूममध्ये अॅम्प असतोच, आणि स्टेजवर पाच वॅटच्या अॅम्पसमोर माइक लावता येतो. आपला पुतण्या येत्या वर्षभरात दर आठवड्याला बँडबरोबर वाजवणार असेल आणि अॅम्प स्वतः उचलून नेणार असेल, तर त्याला पंधरा वॅटचाच घेऊन द्यावा. तसे नसेल तर एक ६व्ही६ किंवा एक ईएल८४ असलेला, बाहेरचा स्पीकर जोडायला सॉकेट असलेला, २३० व्होल्टचा अॅम्प आणि बारा इंची कॅबिनेट, एवढे त्याला पुष्कळ झाले. स्पीकर जोडल्याशिवाय अॅम्प चालू करायचा नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी बजावून सांगा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळायला तेवढे पुरते.

दुकानात विक्रेता अॅम्प सहावर ठेवून वाजवून दाखवेल, कारण तिथे सगळेच अॅम्प छान वाजतात. त्याला तो इतका उतरवायला सांगा की तुम्हा दोघांना आवाज न चढवता बोलता आले पाहिजे, आणि मग पुतण्याला त्याच पातळीवर दोन्ही अॅम्प निदान अर्धा तास वाजवू द्या. जादा व्हॉल्व्हबद्दल आपण विचारले आहे. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी रेडिओसाठी बनवलेले ईसीसी८३ नशीब असेल तर जुन्या बाजारात अजूनही हाती लागतात, आणि ते जरूर घ्यावेत, कारण प्रीअॅम्प व्हॉल्व्ह फार काळ टिकतात आणि खराब निघाला तरी फार तर खरखर करतो. पॉवर व्हॉल्व्ह मात्र नवाच घ्यावा.