फ्राउएनकिर्शेचे काळे दगड : एक खुलासा

जर्मनीतील ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्शे या लुथरन चर्चचे काळे दगड म्हणजे बॉम्बहल्ल्याची काजळी, असा संदेश फिरतो आहे. तो मीही पुढे पाठवला होता, याचा खेद वाटतो. फेब्रुवारी १९४५ च्या हल्ल्यानंतरच्या आगीने खांब कमजोर होऊन घुमट १५ तारखेला कोसळला, हे खरे. मात्र काळेपणा आगीचा नव्हे. स्थानिक वालुकाश्मात लोह असते, म्हणून तो उघड्यावर वर्षानुवर्षे काळवंडतो, आणि २००५ मध्ये पूर्ण झालेल्या पुनर्बांधणीत असे जुने दगड नव्या, पिवळसर दगडांशेजारी बसवले आहेत. काळाच्या ओघात नवेही काळे पडतील. पुनर्बांधणीच्या प्रकाशित माहितीत हेच कारण दिले आहे. कृपया चुकीचा संदेश पुढे पाठवू नये.