‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे चक्कर मनाची’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेले काही महिने कुटुंबांच्या, सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : वारंवार चक्कर येत असेल आणि एमआरआय, रक्त, साखर, बीपी सगळे नॉर्मल असेल, तर शरीरात काही बिघाड नाही, नव्वद टक्के लोकांची चक्कर मनाची असते, टेन्शन सोडले की ती जाते, डॉक्टर ‘डिप्रेशनच्या गोळ्या’ देऊ लागले तर त्या घेऊ नयेत, सवय लागते, त्याऐवजी चक्करची साधी गोळी रोज घ्यावी, मान हलवू नये आणि पडून राहावे. खाली ‘एका अनुभवी डॉक्टरांचा सल्ला’ असे लिहिलेले असते, डॉक्टरांचे नाव मात्र नसते.

मला हा संदेश तीन नातेवाइकांनी काळजीपोटी पाठवला, कारण दीड वर्ष मी याच दुखण्यात काढले आहे. त्यात एक अर्धसत्य आहे, आणि तेवढ्यासाठीच तो सविस्तर उत्तराला पात्र ठरतो. मनाचा आणि वारंवार चक्कर येण्याचा संबंध खरोखरच आहे. फक्त तो संदेशात सांगितला आहे तसा नाही.

‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे शरीरात बिघाड नाही’ हा संदेशाचा पाया आहे, आणि तोच सर्वांत कच्चा आहे. अहवाल फक्त जे तपासले त्याविषयी बोलतो. वारंवार गरगरण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आंतरकर्णात असते. तिथे तोल सांभाळणाऱ्या एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक चिकटलेले असतात. वयोमानाने, डोक्याला मार लागल्याने किंवा काहीही निमित्त नसताना त्यांतले काही सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. मग कूस बदलली किंवा मान वर करून माळ्यावरचा डबा काढला, की स्फटिक घरंगळतात, त्यांच्याबरोबर नलिकेतला द्रव ओढला जातो आणि डोके स्थिर झाल्यावरही ते फिरत असल्याची खबर मेंदूला मिळत राहते. हे स्फटिक एमआरआयमध्ये दिसत नाहीत, रक्तात सापडत नाहीत आणि ईसीजीला तर त्यांची गंधवार्ताही नसते. ते ओळखू येतात ते साध्या खाटेवर, मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक या लंडनच्या डॉक्टरांनी १९५२ साली वर्णन केलेल्या चाचणीत.

माझी ती चाचणी झाली तेव्हा पहिल्या झटक्याला चार महिने होऊन गेले होते. त्याआधी एका डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून ‘सगळे छान आहे, टेन्शन घेऊ नका’ असे सांगून मला घरी पाठवले होते. या वेळच्या डॉक्टरांनी मला खाटेवर पाय लांब करून बसवले, मान उजवीकडे ४५ अंशांत वळवली, डोळे उघडे ठेवायला सांगितले आणि डोके कडेखाली थोडे लोंबते राहील अशा बेताने झटकन आडवे केले. चार-पाच सेकंद काहीच झाले नाही. मग भिंतीवरचे कॅलेंडर सुटून फिरू लागले आणि मी डॉक्टरांची बाही गच्च धरली. ते मात्र माझ्या बुबुळांकडे रोखून पाहत मोठ्याने सेकंद मोजत होते. अठरा म्हणेपर्यंत सगळे थांबले. बुबुळांचे ते गोल फिरत वर जाणारे हिसके ठरवून काढता येत नाहीत, आणि टेन्शनने तर येतच नाहीत. पोर्टलंडच्या जॉन एप्ली यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेली, डोके ठरावीक क्रमाने वळवून स्फटिक मूळ जागी परतवण्याची क्रिया त्याच खाटेवर दोन खेपांत झाली आणि माझे गरगरणे थांबले. गोळी एकही लागली नाही.

इतर कारणांचीही हीच गत आहे. मेनियर या आंतरकर्णाच्या आजारात झटका २० मिनिटांपासून १२ तासांपर्यंत टिकतो, कानात आवाज येतो, दडा बसतो, ऐकू कमी येते. अर्धशिशीशी जोडलेली चक्कर ५ मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत राहू शकते, आणि तिच्यात एमआरआय बहुधा स्वच्छच येतो. निदान होते ते मुख्यतः झटका किती वेळ टिकतो, कशाने सुरू होतो आणि त्याच्याबरोबर काय येते यावरून. आपल्या भाषेत भोवळ, घेरी, गरगरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, झोकांडी जाणे असे वेगवेगळे शब्द आहेत, पण डॉक्टरांसमोर बसलो की आपण त्या सगळ्यांची मिळून एक ‘चक्कर’ करून टाकतो आणि निम्मी माहिती तिथेच हरवते.

‘नव्वद टक्के’ या आकड्याला फार वेळ देण्याची गरज नाही; त्याला आगापिछा नाही. तोल आणि चक्कर यांच्या खास दवाखान्यांत वरचे स्फटिकांचे दुखणे आणि पुढे सांगितलेले पीपीपीडी, म्हणजे महिनोन्‌महिने डोलवणारी चक्कर, ही दोन्ही निदाने वारंवार होतात, आणि पुष्कळदा एकाच रुग्णात पाठोपाठ होतात. त्यांची टक्केवारी वेगळी काढून एकाला ‘खरे’ आणि दुसऱ्याला ‘मनाचे’ म्हणणे हीच मुळात चूक आहे.

आता संदेशातल्या अर्धसत्याकडे येऊ : ‘चक्कर टेन्शनमुळे येते.’ आंतरकर्णाकडून आलेले संकेत मेंदूच्या बुंध्यातल्या ज्या केंद्रांत उतरतात, त्यांचे जाळे भीतीचे काम पाहणाऱ्या अमिग्डालापर्यंत पोहोचलेले असते, आणि ही वाहतूक दोन्ही दिशांनी चालते. म्हणूनच जमीन सरकल्यासारखी वाटली की छातीत धडधडते, हात गार पडतात, पोटात ढवळते. ही भित्रेपणाची खूण नाही, तोल जाणाऱ्या प्राण्याला जिवंत ठेवणारी व्यवस्था आहे. उलट बाजूने, पॅनिकचा झटका आला की माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोके हलके होते. एका बाजूची खोली पेटली की दुसऱ्या खोलीत धूर जातो. धुरावरून आग कोणत्या खोलीत लागली ते सांगता येत नाही.

हे नाते वैद्यकाला आज कळले असेही नाही. मोकळ्या चौकांत येणाऱ्या चक्करेचे वर्णन मोरिट्झ बेनेडिक्ट यांनी १८७० साली व्हिएन्नात केले. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी तशाच रुग्णांच्या दुखण्याला ‘ॲगोराफोबिया’ हे नाव दिले आणि भर भीतीवर दिला. तेव्हापासून हे रुग्ण कानाच्या आणि मनाच्या डॉक्टरांमध्ये टोलवले जात राहिले. आपल्याकडे माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात भ्रम, म्हणजे चक्कर, या रोगाचे कारण सांगताना पित्त आणि वात या शरीरदोषांच्या जोडीला रज हा मनाचा दोष एकाच दमात मोजला आहे. त्या काळचे शरीरशास्त्र आज कोणी जसेच्या तसे घेणार नाही, पण कान की मन असा सवाल तिथे टाकलेला नाही, एवढे खरे.

माझ्या बाबतीत गरगरणे थांबले तरी दुखणे संपले नाही. स्फटिक जागेवर गेल्यावर दोन आठवड्यांत मला दिवसभर होडीत उभे असल्यासारखे डोलू लागले. झोपले की बरे वाटे. उभे राहिले, चालले, की वाढे. दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी समोरून येणारी गर्दी पाहिली की मी कठड्याला हात लावून, पायांची बोटे चपलेत आवळून, शेवाळलेल्या दगडांवरून ओढा ओलांडणाऱ्या माणसासारखी पाऊल टाकत असे. सुपरमार्केटमधल्या रंगीत पुड्यांच्या लांब रांगा आणि मोबाइलवर सरकणारा मजकूरही सोसेना. यालाच पर्सिस्टंट पोस्चरल पर्सेप्च्युअल डिझिनेस, म्हणजे पीपीपीडी म्हणतात. तिचे निकष बारानी सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली ठरवले : तीन महिने किंवा अधिक काळ, बहुतेक दिवशी, न फिरणारी पण डोलवणारी चक्कर, जी उभे राहण्याने, हालचालीने आणि हलत्या किंवा गजबजलेल्या दृश्यांनी वाढते. तिची सुरुवात आंतरकर्णाच्या दुखण्याने होऊ शकते, तशीच पॅनिकच्या झटक्यानेही. संकट टळल्यावरही मेंदू सावध पवित्रा सोडत नाही. डोळ्यांवर गरजेपेक्षा जास्त भिस्त ठेवतो आणि प्रत्येक पाऊल तपासत राहतो. मुळात काळजी करणाऱ्या स्वभावाच्या माणसांत हे अधिक घडते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणात पीपीपीडीची नोंद मानसिक आजारांत नसून कानाच्या आजारांत आहे.

अशा माणसाला ‘टेन्शन सोड’ म्हणणे म्हणजे शेवाळावर उभ्या असलेल्याला ‘ताठ चाल’ म्हणण्यासारखे आहे. तो पडू नये म्हणून जे करतो आहे, तेच त्याचे दुखणे होऊन बसले आहे, आणि ते सुटायला सराव लागतो. तोलाचे व्यायाम, गर्दीत आणि मोकळ्यावर टप्प्याटप्प्याने परत जाणे, आणि ‘आता मी पडणारच’ या विचाराची समुपदेशकाबरोबर केलेली छाननी या तिन्हींचा तो सराव असतो. मला त्याला अकरा महिने लागले.

गोळ्यांबद्दलचा मुद्दा सर्वांत जास्त नुकसान करणारा आहे. पीपीपीडीत वापरली जाणारी औषधे, म्हणजेच संदेशातल्या ‘डिप्रेशनच्या गोळ्या’, बहुधा मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या गटातली असतात. चक्कर येणाऱ्याला ती देणे म्हणजे त्याला वेडा ठरवणे नव्हे. मोठ्या आणि काटेकोर चाचण्यांचा आधार त्यांना अजून हवा तितका नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण अनेक रुग्णांना त्यांचा उपयोग होतो. दारूसारखी त्यांची ओढ लागत नाही, मात्र त्या एकदम बंद केल्या तर काही दिवस त्रास होतो, आणि गंमत म्हणजे त्या त्रासात चक्करही असते. म्हणून डॉक्टरांच्या सांगण्याने डोस हळूहळू उतरवतात. खरी सवय लावणाऱ्या गोळ्या म्हणजे बेन्झोडायझेपिन गटातल्या, झोपेसाठी आणि कधी चक्करसाठीही महिनोन्‌महिने चालू राहणाऱ्या. त्यांच्याबद्दल संदेशात चकार शब्द नाही.

उलट ज्या ‘साध्या गोळी’ची शिफारस केली आहे, ती तेवढी साधी नसते. प्रोक्लोरपेराझिन उलटी-गरगरीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत दिलासा देते, पण म्हाताऱ्या माणसांनी रोज घेतली तर हात थरथरणे, अंग ताठरणे अशी पार्किन्सनसारखी लक्षणे येऊ शकतात. आपल्याकडे सर्रास लिहिल्या जाणाऱ्या बीटाहिस्टिनची मेनियरच्या २२१ रुग्णांवर जर्मनीत काटेकोर चाचणी झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार झटके कमी करण्यात ती बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली नाही.

मान न हलवता पडून राहण्याचा सल्लाही असाच उलटा आहे. एका बाजूच्या आंतरकर्णाने दगा दिला, तर ती उणीव मेंदू भरून काढतो तो हालचालीतूनच, आणि कॉथॉर्न व कुक्सी या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४० च्या दशकात व्यायाम आखले ते त्यासाठीच. मानेच्या एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज पन्नाशीनंतर बहुतेकांची दिसते. तेवढ्यावरून गळ्यात पट्टा बांधून घेऊ नये. एक अपवाद मात्र खरा आहे. चक्करेबरोबर एकाचे दोन दिसणे, जीभ जड होणे, एका बाजूची ताकद जाणे, आधाराशिवाय उभेच राहता न येणे किंवा कधी नव्हे अशी डोकेदुखी आली, तर ती मेंदूच्या झटक्याची, म्हणजे स्ट्रोकची, शक्यता असते. तेव्हा व्यायाम नाही, गोळी नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचे असते.

संदेश पाठवणाऱ्या तिघांपैकी एक माझी मावशी. तिला मी उत्तरादाखल एवढेच विचारले की तुला कधी, किती वेळ येते. ती म्हणाली, ‘डाव्या कुशीवर वळले की येते, देवाचे नाव घेईपर्यंत जाते. म्हणून तर आठ महिने दोन उशा लावून बसूनच झोपते. रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत गं, माझे मनच कमकुवत.’ सोमवारी तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन जाते आहे.