मेजर, सकाय या!

तुमच्या गावचा फौजी 17 वर्षांची नोकरी संपवून घरी येतोय ना? मग आधी डीजे ठरवा, लग्नसराईत नंतर मिळत नाही. अमळनेर स्टेशनवर उतरला की त्याला उघड्या जीपमध्ये उभा करा आणि गावापर्यंत वाजवत आणा. मे महिना असला तर फारच उत्तम. भुसावळकडे पारा 45 अंशांना टेकलेला असताना माणसाच्या खांद्यावर जाड शाल टाकायला जिगर लागते, आणि ती आपल्या गावात आहे. बर्फात उभा होता तेव्हा त्याला ती कामी आली असती, पण तेव्हा आपल्याला त्याचा पत्ता कुठे माहीत होता!

बढतीही तिथल्या तिथे देऊन टाका. फौजेनं त्याला नाईक म्हणून घरी पाठवला असेल, गावानं ‘मेजर’ म्हणावं. पगार वाढवावा लागत नाही.

भाषण कुणीतरी करणारच. त्याला सांगून ठेवा, खानदेशात गणवेश आजचा नाही, 1825 साली आउट्रम या इंग्रज साहेबानं भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी केली ती इथंच, धरणगावला. या वाक्याला टाळी हमखास पडते. टाळ्या चालू असतानाच नारळ हातात द्या आणि जेवायला बसवा. कार्यक्रम लांबला तर तो एखादा प्रश्न विचारायचा.

प्रश्न तो विचारणारच, पण आठ दिवसांनी, पंचायतीच्या ऑफिसात. हातात सप्टेंबर 2020 च्या शासन निर्णयाची झेरॉक्स असेल. पूर्वी मालमत्ता कराची माफी शौर्यपदकवाल्यांसारख्या मोजक्यांनाच होती, म्हणजे आधी गोळी खा, मग घरपट्टी चुकव. 2020 पासून ती सगळ्याच माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना, एका राहत्या घरापुरती. योजनेचं नाव बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना. नावातच सन्मान आहे म्हटल्यावर आपण वेगळा कशाला करायचा?

इथं नवखी माणसं चूक करतात, सरळ ‘नाही’ म्हणतात. नाही म्हणू नका. ‘नाही’ला अपील असतं, चहाला नसतं. पंचायतीच्या भाऊसाहेबांनी खुर्ची पुढे सरकवावी आणि म्हणावं, “बठा ना मेजर, चहा ल्या. आते सर्व्हर बंद शे. सकाय या.” या ‘सकाय’ला, म्हणजे उद्याला, तारीख नसते, हे सीमेवर शिकवत नाहीत.

सकाय तो आलाच (येतो, शिस्तीचा माणूस), तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला मागा. डिस्चार्ज बुक आहे, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आहे, म्हणेल. पीपीओ पेन्शनला, दाखला घरपट्टीला, असं समजावून सांगा आणि त्याला जळगावच्या एस.टी.त बसवून द्या. धुळ्या-नंदुरबारकडचा असेल तर तिकडच्या. त्याच्या जागी एखादी फौजीची विधवा आली तर मन खाऊ देऊ नका. 2023 पासून बायांना एस.टी.चं अर्धं तिकीट आहे. तिला दोनदा पाठवलं तरी पुरुषाच्या एकाच खेपेचा खर्च.

दाखला आला तर नमुना आठ, म्हणजे घराचा कर आकारणीचा उतारा, काढा. हे हुकमाचं पान. फौजी पठाणकोट, तेजपूर करत हिंडत होता तेव्हा घरी वारसनोंद लावायला कुणाला वेळ होता? उताऱ्यावर नाव अजून आजोबांचं. माफी घर ज्याच्या किंवा ज्याच्या बायकोच्या नावावर त्याला. आजोबा तर फौजेत नव्हते. आधी तीन भावांची संमती आणा म्हणावं. ज्याला शत्रूची चौकी अवघड वाटली नाही तो इथं खाली बसतो. मी पाहिलंय.

एवढं सगळं कशासाठी? साधारण 900 रुपयांसाठी. मिरवणुकीच्या डीजेला वर्गणीतून यापेक्षा कितीतरी जास्त गेले, ते वेगळं. ती हौस होती. घरपट्टी हे मात्र पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न. आणि यात भाऊसाहेबांची अगदीच चूक नाही, बरं का. माफी जाहीर होते मुंबईत, आकडा कमी होतो आपल्या रजिस्टरात, आणि वसुली का घटली हे सभापती त्यांनाच विचारतात. कापसाच्या जिनिंगवाल्याची चार वर्षांची थकबाकी आहे, पण त्याचं नाव काढू नका. मिरवणुकीचा फ्लेक्स त्यानंच दिलाय.

फ्लेक्सवरून आठवलं. आमच्या गावात चौकातल्या भिंतीवर वर फ्लेक्स आहे, ‘सेवापूर्ती सोहळा, गावाची शान’, आणि खाली थकबाकीदारांची यादी. दोन्हीकडे नाव एकच. वरचा फोटो उन्हानं फिकट झाला, खालची शाई नवी आहे.

गाव मेजरच्या पाठीशी नाही असं मात्र कुणी म्हणू नये. दर महिन्याला फौजेच्या कॅन्टीनला जायचा दिवस गावाला त्याच्याआधी पाठ असतो. कोटा त्याचा ठरलेला, गाव मोठं. “मेजर, येक बाटली जमी का?” असं आपुलकीनं विचारणारे दहा तरी निघतात, उताऱ्याच्या कामाला सोबत येणारा एकही नाही. पण दहा तर दहा.

पुढच्या काळाची काळजी नको. आता जाणारी पोरं अग्निवीर. चार वर्षांनी चौघांतले तिघं परत येतील, ना पेन्शन, ना माजी सैनिकाचा दर्जा. तेव्हा दाखलाही मागायला नको. फक्त डीजे.

तोवर 7 डिसेंबर येईल. 1949 पासून चालत आलेला ध्वजदिन, माजी सैनिकांच्या कल्याणासाठी निधी गोळा करायचा दिवस. वरून कागदी झेंडे येतात, तेवढे खपवावे लागतात. भाऊसाहेब सकाळपासून टेबलावर गठ्ठा घेऊन बसतील आणि नेमका त्याच वेळी मेजर दारात उभा राहील, फाईल काखेत. सोडू नका. झेंडा त्याच्या खिशाला टाचा, वीस रुपये घ्या, पावती द्या. आणि चहा सांगा.