लक्ष्मी रोड बंद करा, पण आधी टेम्पोचं बोला

पुण्यातला लक्ष्मी रोड कायमचा पादचाऱ्यांसाठी करायचा यावर परत चर्चा आणि परत व्यापाऱ्यांचा विरोध, हे वाचून हसूच आलं. ११ डिसेंबरला पादचारी दिन असतो तेव्हा आम्ही दरवर्षी जातो, नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपतीपर्यंत गाड्या नाहीत, मागच्या वेळी सासूबाई चक्क रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून दुकानाच्या पाट्या वाचत होत्या, एरवी हात सोडत नाहीत माझा!

पण व्यापारी म्हणतात ते अगदीच खोटं नाहीये हो. साड्यांचे गठ्ठे टेम्पोतून उतरवायचे कधी, रात्री ११ नंतर हमाल मिळतो का ते तरी विचारा कोणीतरी. आणि सदाशिव, नारायण पेठेतल्या गल्ल्यांत ती सगळी वाहतूक घुसणार, तिथे राहणाऱ्यांनी काय करायचं? मंडईला मेट्रो आली २०२४ ला, मिनर्व्हा आणि आर्यनचं पार्किंग आहे, तरी प्रत्येकाला गाडी दुकानाच्या पायरीलाच लावायची असते (आमच्या घरातले पण त्यातलेच, खोटं कशाला बोलू).

मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली तेव्हापासून प्रशासकच सगळं ठरवत होते, त्यामुळे बोलायचं कोणाशी हाच प्रश्न होता. निदान आता निर्णय घेणाऱ्यांनो, पेठेत येऊन, संध्याकाळी सातला, चालत बघा एकदा.