दर नव्हे, पहिला लिफाफा

टेंडर कसं भरायचं यावरच्या तुमच्या लेखातलं 'सर्वात कमी दर भरा, टेंडर तुमचंच' हे वाक्य पटलं नाही. आमचा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत छोटा कास्टिंगचा कारखाना आहे. पहिल्या टेंडरला दोन रात्री जागून दर काढला, पण दराचा लिफाफा उघडलाच गेला नाही. त्याआधीच्या तांत्रिक, म्हणजे कागदपत्रांच्या लिफाफ्यातच बाद! कारण काय, तर सीएच्या उलाढालीच्या दाखल्यावर यूडीआयएन, म्हणजे दाखला खरा आहे का हे तपासायचा नंबर नव्हता. तेव्हापासून टेंडरमधली कागदांची यादी छापून भिंतीला लावतो, एकेक कागद अपलोड झाला की त्यावर टिक करतो आणि शेवटच्या दिवसाची वाट बघत नाही. सर्व्हर नेमका त्याच दिवशी रडतो.

आणि उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, लेखात उल्लेखच नाही! केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात ही नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकांना टेंडरसोबत भरायची अनामत रक्कम माफ आहे. आपला दर सर्वात कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी त्या दराला उतरायची तयारी असेल तर ऑर्डरचा किमान २५ टक्के हिस्सा मिळू शकतो. उद्यमनगरातल्या कितीतरी पोरांना हे माहीतच नाही, ती उगाच तोट्यात दर भरतात.